वॉचमनच दार अडवतो तेव्हा...

ऑफिसच्या मेडिकल चेकअपचा रिपोर्ट हातात आला की आपण पहिल्यांदा काय बघतो? कोलेस्टेरॉल! आकडा ठीक असला की सुटलो बुवा. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये, टेन्शन गुल आणि आपण खाली टपरीवर. एक कटिंग, एक सुट्टा.

थांबा जरा. त्याच रिपोर्टात आणखी एक ओळ असते. न्यूट्रोफिल्स, साधारण ४० ते ७० टक्के. या आपल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराच्या सोसायटीचे वॉचमन. जंतू घुसला की पहिले धावतात हेच. पण हृदयाच्या धमनीत गुठळी होते, तेव्हा तिथेही हेच वॉचमन सापडतात. आणि बघ्यांच्या गर्दीत नाही, तर चक्क कटात सामील!

हार्ट अ‍ॅटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुंबलेली मोरी येते. तेलकट खाल्लं, पाईप बुजला, खेळ खल्लास. प्रकरण इतकं सरळ नाही. वाईट कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत शिरतं, तेव्हा पांढऱ्या पेशी ते साफ करायला जातात. खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. हळूहळू भिंतीत एक गळूसारखा प्रकार तयार होतो. आत चरबी आणि मेलेल्या पेशी, वर पातळ पापुद्रा. आतल्या जिवंत पेशी अशी एन्झाइम्स सोडतात, की तो पापुद्रा आणखी झिजतो. एक दिवस तो फाटतो, आतला माल रक्ताला लागतो आणि बघता बघता गुठळी धरते. म्हणूनच नळी जेमतेम अर्धी अरुंद झालेल्या, काल जिना सहज चढलेल्या माणसालाही आज अ‍ॅटॅक येऊ शकतो.

आता न्यूट्रोफिल्सची एन्ट्री. २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट दाखवली. ही पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःचा डीएनए बाहेर फेकते, कोळ्याने जाळं टाकावं तसा! जंतूंसाठी आयडिया सॉल्लिड. पण हेच जाळं धमनीत पडलं, की त्यात प्लेटलेट्स अडकतात, लाल पेशी अडकतात आणि गुठळी घट्ट होते. अ‍ॅटॅकच्या पेशंट्सच्या धमन्यांतून ओढून काढलेल्या गुठळ्यांमध्ये ही जाळी सापडली आहेत. गुठळी विरघळवणारं नेहमीचं इंजेक्शन फायब्रिनचे धागे तोडतं, डीएनएचे नाही. लॅबमध्ये डीएनए कापणारं एन्झाइम जोडीला दिलं, तर गुठळ्या लवकर विरघळल्या. अर्थात, हा उपचार अजून हॉस्पिटलपर्यंत पोचलेला नाही.

मग या वॉचमनला शांत केलं तर? प्रयत्न झाले. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाची ट्रायल आली, आधी अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ पेशंट्सवर. कोलेस्टेरॉल जराही न उतरवता, फक्त शरीरातला दाह कमी करून पुढचे अ‍ॅटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली. वॉचमन झोपला, तर चोर येणारच ना! नंतर गाऊटवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन चर्चेत आलं. २०१९ आणि २०२० च्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयरुग्णांसाठी मंजुरीही मिळाली. पण २०२४ मध्ये अ‍ॅटॅकनंतर लगेच औषध सुरू केलेल्या सात हजारांहून जास्त पेशंट्सच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. तेव्हा हे औषध कुणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही हेच रसायन असतं आणि तिचा कंद जीव घेतो. त्यामुळे घरगुती प्रयोग नकोत!

आता तुमच्या-माझ्या कामाचं. सिगरेट धमनीचं अस्तर दुखावते आणि पांढऱ्या पेशींना उगाच चिथावते. ‘दिवसाला दोनच’ असल्या तरी. पोटावरची चरबीसुद्धा शरीरातला दाह वाढवते. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. सुजलेल्या हिरड्या आणि हृदयविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचा धोका सुमारे सहापट असतो. जंतूंशी लढायला सगळे वॉचमन जागे झालेले असतात ना, तेव्हा. हृदयविकार किंवा डायबेटिस असलेल्या आईबाबांना फ्लूची लस द्यायची का, हे डॉक्टरांना या सीझनआधीच विचारून ठेवा.

आणि तापातून उठल्यावर छातीत दडपल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. ‘माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ हेही स्वतःला सांगू नका. बाईकला किक मारू नका, कुणाला तरी सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा. निघाला गॅसच, तर उत्तम! डेडलाईन काय, उद्याही गाठता येईल.