एका फोनवर मिटणारी भांडणे

मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या मराठी प्रेमकथांना तूर्त सुगीचे दिवस आहेत. तक्रार एवढीच की त्यांतले प्रेमिक फार स्वस्तात भांडतात. नायक मावसबहिणीला स्टेशनवर सोडायला जातो, नायिका लांबून पाहते, फोन बंद करते आणि पुढचे पंधरा भाग उशी भिजवते. एकदा ‘कोण होती ती?’ एवढे विचारले असते, तर कथा तिथेच आटोपली असती. लेखिकेला ते ठाऊक असते. म्हणून ती विचारू देत नाही.

ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये कादंबरीच्या तंत्राचा ऊहापोह केला तो १९३१ साली. त्या काळात चिठ्ठी भलत्याच्या हाती पडू शकत होती, तार उशिरा पोचत होती. गैरसमजाला जागा होती. आता समोरच्याने निरोप वाचला की दोन निळ्या खुणा उमटतात. तरीही गैरसमज वापरायचा तर त्याने निदान आतली खरी भीती उघडी करावी. नुसती पाने भरण्यापुरता तो आला की वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ला (१९३९) मावसबहीण लागली नाही. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हेर्टा भेटतात. तो मागच्या प्रेमभंगाने पोळलेला, ती जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू. त्याला मुंबईला उतरायचे आहे, तिला पुढे जावे लागणार आहे. दोघे रात्रभर बोलत बसले तरी बंदर टळत नाही. त्यांच्या मनातले सगळे एकमेकांना कळते, तरीही पेच कायम राहतो.

यावर कोणी म्हणेल, तसा काळ आज कुठून आणायचा? त्यांनी तळोज्याला यावे. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे; शेवटच्या स्थानकावर उतरले की सिडकोच्या इमारती दिसू लागतात. इथे कारखान्यांचा रात्रीचा वास आहे, पाणीटंचाई आहे आणि हप्ते आहेत. समजा, तो औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत राबतो, ती खारघरच्या इस्पितळात परिचारिका आहे. दोघांनी एकमेकांना ओळखण्याआधीच पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांसाठी स्वतंत्र अर्ज भरले होते आणि दोघांनाही सोडतीत घर लागले. त्यांनी अर्ज भरले तेव्हाचा योजनेचा नियम असा की कमावती सज्ञान व्यक्ती एकटी असली तर वेगळे कुटुंब धरली जाई, पण नवरा-बायको मिळून घर एकच. म्हणजे ताबा मिळण्याआधी लग्न करायचे तर कोणीतरी आपले घर सोडायचे.

तो समजूतदार आहे. पेंधरच्या जिन्यावर म्हणतो, “माझं घर ते तुझंच की. तसंही बाईचं नाव लावावंच लागतं.” ती विचारते, “मग माझं घर ते तुझं का नाही?” त्याच्याकडे उत्तर आहे : आईवडील आणि धाकटा भाऊ इतकी वर्षे भाड्याच्या खोल्या बदलत आले; त्यांना सुनेच्या नावच्या घरात राहायला तो कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्याकडेही आहे : दारुड्या बापाने आईला दोनदा मध्यरात्री बाहेर काढले होते, आणि त्याही घराला आईचे नाव होते, जोडीने. तिला असे एक दार हवे आहे, जिथून तिला कोणी ‘चालती हो’ म्हणू शकणार नाही.

इथे खलनायक नाही, चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी नाही. दोघे खरे बोलत आहेत, दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, आणि जितके मोकळेपणाने बोलावे तितकी गाठ घट्ट होते. तोही वाईट नाही; त्याने हे घर मागताना स्वतःपुरता विचार केलेला नाही, हीच खरी अडचण आहे.

प्रेमकथेतला संघर्ष ओळखायची कसोटी साधी आहे. वाचकाला एका बाजूचे वकीलपत्र सहज घेता आले, तर तो संघर्ष नव्हे, रुसवा. दोघांचेही पटते आणि दोघांचेही एकदम होऊ शकत नाही, तिथे कादंबरी सुरू होते. शेवट खुशाल गोड करा. वाचकांना तो हवाच असतो. पण त्या गोडव्यासाठी कोणी काय सोडले, याचा हिशेब कादंबरीत चुकता झालेला असावा. फुकटात जमलेल्या जोडीची गोष्ट पुढच्या आठवड्यापर्यंतही लक्षात राहत नाही.