रिकामी बाटली

विलेपार्ल्याचे नाव धारण करणाऱ्या पार्ले कंपनीचे 'गोल्ड स्पॉट' हे नारिंगी पेय तुमच्या आजोबांनी लहानपणी चाखले असेल. त्यात संत्र्याचा रस नसे. रंग, कृत्रिम स्वाद आणि साखर असे. तेव्हा जुने पेय पौष्टिक होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु ते काचेच्या लहान बाटलीत मिळे, आणि बाटली दुकानदाराची असे. गिऱ्हाईक तेथेच उभे राहून पिई, बाटली परत देई व वाटेला लागे. पिण्याला आपोआपच मर्यादा पडे.

आज अंधेरी स्थानकाबाहेर पाहा. विद्यार्थी ६०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घेऊन चालू लागतो. तिच्यावरील बारीक अक्षरे कोण वाचतो? शंभर मिलिलिटर कोलापेयात सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे साऱ्या बाटलीत ६० ग्रॅम, पंधरा चमचे! चहात एवढी साखर घातली, तर आई कपच हिसकावून घेईल. मोठ्या माणसानेही दिवसाकाठी शक्यतो २५ ग्रॅमांच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले.

रिकामी बाटली मात्र कोणी मागत नाही. काही भंगारवाला नेतो; उरलेल्या गटारांत जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा प्लॅस्टिकने तुंबलेल्या गटारांनी पाण्याची वाट अडवली होती.

बाटली परत देणाऱ्यास पैसे मिळावेत, असा नियम महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये केला. तो योग्यच होता. पुढे एकदा मी मुलुंडच्या एका दुकानात रिकामी बाटली घेऊन गेलो. दुकानदार नुसता हसला.