जाळीवर कारागिराचे नाव नाही

कापडाच्या खरेदीसाठी अहमदाबादला जाणे आपल्यापैकी अनेकांच्या सवयीचे आहे. लाल दरवाजाजवळची सिदी सय्यद मशीद मात्र बहुतेक जण रिक्षात बसूनच पाहतात. पुढच्या खेपेस खाली उतरा आणि मागच्या भिंतीतल्या दगडी जाळ्या निवांत पाहा.

सिदी सय्यद या हबशी सरदाराने ही मशीद १५७२-७३ मध्ये बांधली. एका जाळीत ताडाचे झाड आहे आणि दुसऱ्या झाडाच्या फांद्या त्याला वेढून साऱ्या कमानीत पसरल्या आहेत. ही जाळी एका अखंड दगडाची नाही. दगडाचे छोटे चौकोनी तुकडे कोरून जोडलेले आहेत. फांदी कोणत्या तुकड्यावर संपते आणि पुढच्यावर कुठून सुरू होते, याचा हिशेब आधीच मांडावा लागला असणार. आपले ठसेछपाईवाले हे लगेच ओळखतील. ठसा जरा सरकला की वेल तुटते!

हा हुन्नर एका दिवसात आला नाही. याच शहरातली जामा मशीद १४२४ ची. तिचे मिनार १८१९ च्या भूकंपात पडले, पण खालचा भाग शाबूत आहे. त्यावरचे कोनाडे मंदिराच्या घडणीचे आहेत. मंदिरात जिथे मूर्ती असती, तिथे वेलबुट्टी कोरली आहे. गिऱ्हाईक बदलले, अट बदलली, पण कारागिराने हात आखडता घेतला नाही. त्या अटीतूनच नवे काम उभे राहिले.

मशिदीला सिदी सय्यद यांचे नाव मिळाले. अहमदाबादच्या आयआयएमने बोधचिन्हासाठी याच जाळीचा आधार घेतला. कोरणाऱ्यांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत.

आपण तरी वेगळे काय करतो? ठाणावर छाप पेढीची असते. विणकराचे, छपाईवाल्याचे नाव कुठेच नसते. नाव दिले तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, ही भीती आपल्या मनात असते. पण जाळीवर कारागिराचे नाव असते, तर सिदी सय्यद यांचे नाव पुसले गेले असते का? उलट, माल कोणाच्या हातचा आहे हे सांगणाऱ्या पेढीवर गिऱ्हाइकाचा भरवसा वाढतो.

हाताच्या कामाच्या प्रत्येक नगावर कारागिराच्या नावाची एक चिठ्ठी लावा. खर्च काही पैशांचा आहे. मजुरी तर आपण देतोच, नावही त्याचे त्याला द्यावे.