कुत्र्यासाठी गाडी घेताना

'कुत्र्याला बाबागाडी? काय एकेक थेरं!' असं मनात आलं ना? पण मैत्रिणींनो, जरा ऐका. बारा-तेरा वर्षं माया लावलेलं मुकं जनावर थकतं, त्याचे सांधे धरतात, जिना उतरवत नाही. दिवसभर कोपऱ्यात पडून असतं, पण साखळी वाजली की कान टवकारतं! अशा जिवाला पुन्हा बाहेरची हवा दाखवायची, तर गाडी हे थेर नव्हे, सोय आहे. लांब पाठीच्या डॅशहंडला पाठीचं दुखणं झालं असेल तरीही ती उपयोगी पडते.

मात्र आधी डॉक्टरांकडे जा, मग दुकानात. लंगडणं म्हणजे नुसतं म्हातारपण नसतं. पुष्कळदा औषधानं आराम पडतो. घरातली आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर देऊ नका हं, कुत्र्याला ती विषारी ठरते.

डॉक्टरांनी होकार दिला की शिवणाची टेप काढा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या आणि तो बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची. आत त्याला वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. वजनासाठी आधी एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग त्याला उचलून घेऊन. वजाबाकी केली की झालं. गाडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा त्याहून दोन-चार किलो जास्तच हवी.

आता चाकं. लहान प्लॅस्टिकची चाकं गुळगुळीत फरशीवर ठीक; आपल्या खडीच्या, खड्ड्यांच्या गल्लीत मोठी रबरी किंवा हवेची चाकंच बरी. हादरे कमी बसतात, आणि दुखऱ्या सांध्यांना तेच तर हवं! तीनचाकी चटकन वळते, चारचाकी सहसा जास्त स्थिर असते. ब्रेक लावून गाडी ढकलून बघा. आतला पट्टा गळपट्ट्याला कधीच अडकवू नका. उडी मारली तर फास बसेल. तो छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावायचा. चढायची जागा बुटकी, बाजूंना जाळी आणि गादी धुता येण्याजोगी हवी.

मुलाची जुनी बाबागाडी माळ्यावर आहे म्हणता? तिचे पट्टे बाळाच्या अंगाचे. कुत्रा एका बाजूला झुकला की ती कलंडायची भीती. त्यापेक्षा कुणाची कुत्र्याची वापरलेली गाडी मिळाली तर चाकं-ब्रेक तपासून घ्या. इमारतीला लिफ्ट नसेल, तर दुकानातच घडी करून उचलून पाहा. रोज ती तुम्हालाच न्यायची आहे!

आणली की लगेच बाहेर नेऊ नका. आठवडाभर घरातच उभी ठेवा, आत त्याचं अंथरूण घाला, खाऊ ठेवा. दुपारच्या उन्हात तर नेऊच नका. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो. पगसारख्या बसक्या नाकाच्याला तेही नीट जमत नाही.

आणि एक लक्षात ठेवा, गाडी आली म्हणून पाय बंद करायचे नाहीत. डॉक्टर म्हणतील तेवढं त्याला सावलीत चालू द्या, वास घेऊ द्या, दमला की बसवा. शेजारणी चार दिवस हसतील, मग त्याच वाकून त्याची विचारपूस करतील, बघा!