मुळशी मागच्या रांगेत का?
लोहगड किल्ल्याच्या दक्षिणेला मुळशीचे धरण आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे शेतकरी तिथल्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट यांनी चालवलेला हा सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मात्र तळटीपेपुरता उरतो. कारण उघड आहे. समोर गोरा साहेब नव्हता, टाटांची स्वदेशी कंपनी होती. मुंबईला वीज नको होती का, असेही विचारले जाते. हवीच होती! पण जमीन घेतली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने, सरकारच्या जोरावर. कसणाऱ्याची संमती कुणी विचारली नाही. परकी सत्ता याहून वेगळी काय असते? पुण्यातल्या सावकार-जमीनमालकांनी भरपाईवर समाधान मानले, ही बोचरी गोष्टही लपवू नये.

धरण झाले, कायदाही टिकला, स्वातंत्र्यानंतरसुद्धा. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, लोहगडाखालच्या पवना धरणातून जाणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघे गेले. तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडावे लागले.