मोटारीतील दिवे आणि वाटेवरचा अंधार

मोटार सजविण्याची हौस आमच्या सीमाभागात काही आजची नव्हे. हुमनाबादच्या नाक्यावरून रात्री जाणाऱ्या मालमोटारींकडे पाहिले असता, चालकासमोर देवाची तसबीर, तिला वाळलेला हार आणि तिच्या बाजूस एक बारीकसा लाल दिवा हे दृश्य हटकून दिसते. वऱ्हाड नेणाऱ्या जीपगाड्यांतील झालरी व गोंडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. या जुन्या हौसेत अलीकडे एलईडीच्या पट्टीची भर पडली आहे. पाच मीटरांची गुंडाळी, पाठीमागे डिंकाचा थर, टोकाशी दोन तारा, एवढाच तिचा सरंजाम. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या गावांतून सुटीच्या दिवशी अंगणात गाडी उभी करून, आसनाखाली डोके घालून बसलेला एखादा दादा किंवा काका पाहावयास मिळतो. संध्याकाळी त्या गाडीचा अंतर्भाग निळ्याजांभळ्या प्रकाशाने भरून जातो आणि शेजारची मुले भोवती गोळा होतात.

या प्रकारावर घरोघरी दोन पक्ष पडलेले आम्ही पाहतो. वडीलधारी मंडळी यास निव्वळ छानछोकी म्हणतात. तरुण म्हणतात की, महागड्या गाडीत कारखान्यातूनच जे बसवून येते, ते आम्ही थोडक्या पैशांत स्वतःच्या हाताने केले तर बिघडले कोठे? आमचे मत दोन्ही पक्षांस पुरतेपणी मानवणारे नाही. घरी, स्वतःच्या हाताने, हे काम करावे या मताचे आम्ही आहोत. मात्र आज ते बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने होते, त्या रीतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. आमचे स्वतःचे वय अद्याप गाडी चालविण्याचे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मागच्या आसनावर बसून प्रवास करणाऱ्यांसही मत असू शकते, आणि अपघाताच्या वेळी तेही गाडीतच असतात.

प्रथम या दिव्याची थोरवी सांगितली पाहिजे. निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये डोळ्यांस दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड सिद्ध केला. त्यानंतर हिरवा आला, पिवळा आला. पण निळा काही केल्या साधेना, आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश मिळण्याचा मार्ग नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा संशोधकांनी गॅलियम नायट्राइडवर वर्षानुवर्षे खटपट करून ते कोडे सोडविले, आणि २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. आज आपण ज्यास पांढरा एलईडी म्हणतो, तो बहुधा आतून निळाच असतो. त्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या लेपामुळे तो पांढरा भासतो. अंगणातल्या गाडीत जी पट्टी चिकटविली जाते, तिच्यामागे एवढी तपश्चर्या आहे. मग तिला केवळ चैनीची वस्तू म्हणून हिणविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

दुसरे असे की, दहावीच्या वर्गात आम्ही ओहमचा नियम पाठ करतो, तो या पट्टीत डोळ्यांनी दिसतो. साध्या पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन दिवे आणि एक रोधक. प्रत्येक दिवा सुमारे ३ व्होल्ट घेतो, म्हणजे तिघांचे ९ झाले. बॅटरीचे १२ व्होल्ट धरले तर उरलेले ३ व्होल्ट रोधकावर पडतात. रोधक १५० ओहमचा असेल, तर प्रवाह ०.०२ अँपियर, म्हणजे २० मिलिअँपियर होतो. येथवर पुस्तकातले गणित झाले. परंतु इंजिन चालू होताच गाडीचा व्होल्ट १४ च्या आसपास जातो. दिवे आपले ९ च घेतात आणि रोधकावर ५ व्होल्ट येतात. प्रवाह ३३ मिलिअँपियर! व्होल्ट जेमतेम एक षष्ठांशाने वाढला आणि प्रवाह दीडपटीहून अधिक झाला. प्रत्यक्षात दिव्यांवरचा व्होल्टही किंचित वाढत असल्याने आकडा थोडा कमी भरेल. पण पट्टी का तापते आणि स्वस्तातली पट्टी एका उन्हाळ्यात का मंदावते, याचे उत्तर या हिशेबात आहे. ज्याने हा हिशेब कागदावर मांडून मग पट्टी लावली, त्याचे काम आणि ज्याने दुकानदाराच्या शब्दावर लावली त्याचे काम, ही दोन्ही एकाच मोलाची नव्हेत.

हाच हिशेब पुढे चालविला असता बॅटरीची गोष्ट निघते. मीटरला ६० दिवे असलेल्या अशा पट्टीत वीस तुकडे होतात, मीटरमागे ०.४ अँपियर, पाच मीटरांस २ अँपियर. गाडी बंद करून कोणी हे दिवे दहा तास जळत ठेवले, तर २० अँपियर-तास वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपियर-तासांची असते. सकाळी एस.टी. चुकलेल्या पाहुण्यांस सोडावयाचे असते, आणि गाडी घरघर करून गप्प बसते. म्हणून ही जोडणी किल्ली फिरविल्यावरच वीज मिळेल अशा तारेवरून घ्यावी, असे जाणते मिस्त्री सांगतात ते यथार्थ होय.

फ्यूजच्या बाबतीत मात्र आम्ही कोणतीच सवलत द्यावयास तयार नाही. मोटारीचे संपूर्ण लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेले असते. धन टोकाकडून आलेल्या तारेचे वेष्टन पत्र्याच्या कडेस घासून फाटले, की तार अंगाला टेकलीच समजा. आणि आमच्या खेड्यांकडच्या रस्त्यांवर घासणे किती होत असेल हे सांगावयास नको. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपियर प्रवाह लोटू शकते. बारीक तार क्षणात लाल होते, आणि तिच्याभोवती असतात प्लास्टिक, फोम आणि कापड. २ अँपियरच्या कामास ३ अँपियरचा फ्यूज, तोही तार जेथून निघते त्या टोकाजवळ, आणि पत्र्याच्या छिद्रात रबरी कडी, या गोष्टींस चहाच्या दोन पेल्यांहून फारसा अधिक खर्च येत नाही. ज्या घरी पट्टीला पैसे आहेत पण फ्यूजला नाहीत, तेथील वडिलांनी खुशाल पट्टी उपटून टाकावी. आमची तक्रार राहणार नाही.

कलबुर्गीच्या मे महिन्याचाही विचार करावा लागतो. बाहेर पारा चाळिशीच्या वर असता, बंद गाडीच्या आत काय होत असेल? डिंक पाघळतो, पट्टी सुटते आणि चालकाच्या पायांशी, ब्रेकच्या आसपास लोंबू लागते. म्हणून केवळ डिंकावर विसंबू नये, तार जागोजागी पक्की बांधावी. काचेच्या बाजूच्या खांबांतून तार नेण्याचा मोह अनेकांस होतो. पण कित्येक गाड्यांच्या त्या खांबांत एअरबॅग दडलेली असते. पिवळ्या वेष्टनाच्या तारा बहुधा तिच्या असतात. त्यांस हात लावू नये.

आता मुख्य मुद्दा. दिवा कोठे लावला आणि किती प्रखर लावला, यावर सारे अवलंबून आहे. रात्री उजेड असलेल्या खोलीतून खिडकीबाहेर पाहिले तर काचेत आपलेच तोंड दिसते; बाहेरचे झाड दिसत नाही. मोटारीच्या समोरच्या काचेचेही तसेच होते. आत जितका उजेड अधिक, तितका बाहेरचा रस्ता कमी. शिवाय डोळ्याचा स्वभावच असा की, अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींस अंधाराला पुरते सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि ती कमाई एका झगझगीत प्रकाशाने क्षणात नाहीशी होते. निळ्या प्रकाशाने ती विशेष बिघडते, मंद लाल प्रकाशाने सर्वांत कमी. जहाजांवर व विमानांत रात्रीच्या कामासाठी लाल दिवे वापरण्याची प्रथा पडली ती याच कारणाने. मालमोटारीतल्या देवाजवळचा तो बारीक लाल दिवा ज्याने प्रथम लावला, त्यास दंडपेशी ठाऊक असण्याचे कारण नाही; पण त्याची निवड शास्त्रास धरून होती खरी. मोटारीच्या पुढील दिव्यांमुळे चालकाचा डोळा पूर्ण अंधाराला कधीच सरावत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्या दिव्यांच्या झोताबाहेर, रस्त्याच्या कडेला जे असते, ते ओळखण्याचे काम याच पेशींकडे असते.

आणि आमच्या रस्त्यांच्या कडेला काय असते? बीदर जिल्ह्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, लाल परावर्तक असलाच तर तो लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांआड झाकलेला. त्यांच्यामागून बैलगाडी, तिच्यामागून घोंगडी पांघरलेला माणूस. दत्तजयंतीच्या सुमारास गाणगापूरची वाट धरलेली कुटुंबे याच अंधारातून जातात. ती ट्रॉली पन्नास पावले अगोदर दिसणे आणि दहा पावलांवर दिसणे, यांत केवढे अंतर आहे हे ज्यांच्या गावात तसा प्रसंग घडला आहे त्यांस विचारावे. छताला निळी पट्टी लावून रात्री साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या हौशी मंडळींनी एकदा तरी ती बंद करून त्याच रस्त्याने जावे आणि काय अधिक दिसते ते स्वतःच पाहावे. ट्रॉलीवाल्यांनी मागे दिवे लावले पाहिजेत, हे तर आहेच. पण त्यांनी ते लावले नाहीत म्हणून आपण आपले डोळे दिपवून घ्यावेत, हा कोठला न्याय?

बीदरच्या माणसास हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. आमच्या बिदरी कारागिरांनी जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची नक्षी ठोकून, किल्ल्यातल्या मातीने ते भांडे काळेभोर केले, म्हणून ती चांदी उठून दिसते. सारे भांडेच चांदीने मढविले असते, तर त्यास कोणी बिदरी म्हटले नसते. मोटारीतही पायांशी एक मंद रेघ, दार उघडताच पायरीवर पडणारा उजेड, सामानाच्या कप्प्यात एक तुकडा एवढे पुरे. उतरताना आजीस पायरी दिसते, पडलेला चष्मा सापडतो. चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहून वर काही नको, आणि लुकलुकणारे तर मुळीच नको.

कायद्याविषयी दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. आसनाखालच्या मंद दिव्याने तो तपशील बदलत नाही, असे आम्ही समजतो. पण आतला दिवा बाहेरून जत्रेसारखा चमकू लागला, तर पोलिसांस तो आतलाच वाटेल याची शाश्वती कोणी द्यावी? १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेदेखील उतरले आहेत.

आमची मागणी साधी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुनी बारा व्होल्टची बॅटरी, एक मल्टिमीटर, पट्टीची एक गुंडाळी आणि निरनिराळ्या अँपियरचे मूठभर फ्यूज ठेवावेत. महिन्यातून एका शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर, गावातल्या एखाद्या मोटार-मिस्त्रीस बोलवावे. ते कानडी बोलोत की दखनी, आम्हांस दोन्ही कळतात. मुलांनी, आणि मुलींनीही, तेथे प्रवाह मोजावा, तार मुद्दाम पत्र्यास टेकवून फ्यूज उडतो कसा ते पाहावे, आणि मगच घरी जाऊन वडिलांकडे गाडीची किल्ली मागावी.