अर्क घालण्याआधी पाणी तपासा

ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्या बंधू-भगिनींनो,

तालुक्याच्या पशुऔषधांच्या दुकानात आता हर्बल बाटल्यांसाठी वेगळी फळी असते. एक बाटली यकृतासाठी, दुसरी श्वासाच्या त्रासासाठी, तिसरी उन्हाळ्यासाठी. ज्यांना बाटली परवडत नाही ते घरीच लसूण, आले, हळद, तुळस, अडुळसा यांचा काढा करून टाकीत ओततात. यामागे अँटिबायोटिक कमी वापरावे ही इच्छा असते, आणि ती योग्यच आहे. पण अर्क कसा द्यावा, कधी देऊ नये आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून ठरवावे, याकडे फार थोडे लक्ष जाते. म्हणून हे आवाहन.

आधी अँटिबायोटिकविषयी. आजार नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून रोज थोडे थोडे अँटिबायोटिक दिले की औषधाला दाद न देणारे जंतू शेडमध्ये तयार होतात. तेच जंतू तूस, विष्ठा, पाणी आणि मांस यांच्या वाटेने माणसापर्यंत पोहोचतात. युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकवर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा कोंबड्यांसाठी आणि अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या इतर प्राण्यांसाठी वापर बंद झाला, कारण माणसाला इतर औषधे लागू पडेनाशी झाली की डॉक्टर शेवटी त्याच्याकडे वळतात. त्यामुळे वनस्पतींकडे वळणे योग्यच आहे, मात्र ते समजून-उमजून व्हायला हवे.

प्रत्येक वनस्पती पाण्यातून देण्याजोगी नसते. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळद टाकीत टाकली तर ती तळाशी बसते, पक्षी ज्यातून पाणी पितात ते निपल तुंबवते आणि पक्ष्याच्या पोटात फारच थोडी जाते. हळद द्यायची तर खाद्यातून द्यावी. ओव्याचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणून काही पक्ष्यांना जास्त मिळते आणि काहींना मुळीच मिळत नाही. ते पाण्यात मिसळेल अशा रूपातच घ्यावे. लसूण ठेचल्यावर त्यातला गुणकारी भाग तयार होतो आणि उकळल्यावर तो बराच नष्ट होतो. म्हणून लसूण कच्चाच ठेचून, पाण्यात भिजवून, गाळून घ्यावा. तुळस आणि अडुळशाचा काढा चालतो, पण तो दोनदा मलमलीतून गाळून त्याच दिवशी संपवावा. कडुनिंब आणि काडेचिराईत कडू असतात. त्यांचे प्रमाण वाढले की पिल्ले पाणी कमी पितात, आणि पाणी कमी पिणारे पिल्लू खाद्यही कमी खाते. पहिल्या आठवड्यात हा तोटा झाला तर पुढे भरून निघत नाही.

आता पाण्याविषयी, कारण सगळे तिथेच अडते. साधारण हवामानात ब्रॉयलर एक किलो खाद्यामागे सुमारे दोन लिटर पाणी पितो, आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. चौथ्या आठवड्यात हजार पक्षी दिवसाला साधारण १२० किलो खाद्य खातात, म्हणजे २४० लिटरच्या आसपास पाणी पितात. ते पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल आणि पावसाळ्यात त्यात गटाराचा किंवा शेणखताचा पाझर येत असेल, तर कुठल्याही अर्काने ते शुद्ध होणार नाही. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. एक नमुना टाकीतला द्या, दुसरा पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या निपलचा. टाकीत पाणी चांगले आणि शेवटच्या निपलला खराब आले, तर दोष तुमच्या पाइपमध्ये आहे.

पाइपच्या आत बुळबुळीत थर साचतो आणि त्यात जंतू तग धरून राहतात. गूळ, साखर, काढा, जीवनसत्त्वांची औषधे यांनी हा थर वाढतो. म्हणजे चांगल्या हेतूने दिलेला अर्क पुढच्या बॅचच्या हगवणीचे कारण होऊ शकतो. यासाठी अर्क दिवसभर टाकीत ठेवू नका. पक्षी चार ते सहा तासांत पितील एवढ्याच पाण्यात तो मिसळा आणि सकाळच्या गारव्यात द्या. नंतर लाइन जोरदार पाण्याने धुऊन काढा. बॅच गेल्यावर रिकाम्या शेडमध्ये लाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने स्वच्छ करा. त्याचे प्रमाण डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच असू द्या, अंदाजाने नको.

अर्क आणि क्लोरीन एकाच पाण्यात घालू नका. वनस्पतीतले पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात, त्यामुळे पाणीही शुद्ध होत नाही आणि अर्कही वाया जातो.

लसीच्या बाबतीत याहून काटेकोर राहा. मानमोडीची लासोटा किंवा गंबोरोची लस पाण्यातून देताना आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अर्क, क्लोरीन, औषध यांपैकी काहीही पाण्यात नको. लसीत जिवंत विषाणू असतो. जंतू मारण्यासाठी दिलेली वस्तू त्यालाही मारू शकते. लसीच्या पाण्यात लिटरला दोन-अडीच ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर घाला, आणि ते पाणी दोन तासांच्या आत संपेल असे बघा.

अर्काने काय होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. मानमोडी, गंबोरो, बर्ड फ्लू हे विषाणूंचे आजार कोणत्याही काढ्याने बरे होत नाहीत. रक्ती हगवण सुरू झाली असेल तर काढ्यात दोन दिवस घालवणे म्हणजे पक्षी घालवणे. मरतूक अचानक वाढली, पक्षी मान वाकडी करू लागले, तुरा निळा पडला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका आणि आजारी पक्षी घाईने विकू नका. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला. तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि पूर्ण तालुक्याचा धंदा बसला. खबर वेळेवर देण्याचे महत्त्व त्या भागातल्या लोकांना पुरेपूर माहीत आहे.

मग अर्काचा उपयोग होतो की नाही? काही वनस्पतींवर विद्यापीठांत चांगले काम झाले आहे, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत. प्रमाण, अर्क काढण्याची रीत, ऋतू आणि शेडची स्वच्छता यांप्रमाणे फरक पडतो. म्हणून दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या शब्दावर न जाता स्वतःच्या काट्यावर तपासा. शेडच्या मधोमध जाळी लावा. दोन्ही बाजूंना सारखी पिल्ले, सारखे खाद्य आणि वेगळ्या टाक्या ठेवा. एका बाजूला अर्क द्या, दुसऱ्या बाजूला साधे पाणी. दर आठवड्याला दोन्हीकडचे ५०-५० पक्षी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून धरून तोला आणि मरतूक वहीत लिहा. निदान तीन बॅच, वेगवेगळ्या ऋतूंत, हे करा.

हिशोब सोपा आहे. दोन किलोच्या पक्ष्याचा एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारे खाद्य, ०.०५ ने सुधारला तर पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचते. खाद्य ४० रुपये किलो धरले तर हे चार रुपये झाले, म्हणजे हजार पक्ष्यांमागे चार हजार. अर्काचा खर्च दीड हजार असेल तर द्या. पाच हजार असेल तर बाटली बंद करा आणि तेच पैसे टाकी, पाइप आणि पाण्याच्या तपासणीवर खर्च करा.

जे कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतात त्यांनी सुपरवायझरला विचारल्याशिवाय टाकीत काहीही घालू नये. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. पुढे मरतूक झाली तर न सांगता दिलेल्या काढ्याकडेच बोट दाखवले जाईल. बाहेरून बाटली घ्याल तेव्हा घटकांची नावे, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख वाचा. घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली घेऊ नका, कारण हर्बल नावाखाली आत काय आहे ते तुम्हाला कळणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या बॅचची पिल्ले येण्याआधी शेवटच्या निपलचे पाणी स्वच्छ बाटलीत भरा आणि तपासायला द्या. अहवाल चांगला आला तर अर्काचा प्रयोग जरूर करा. खराब आला तर आधी पाणी सुधारा.